परड्यातल्या शेडचा प्लॅन आणि सॉफ्टवेअरचा घोळ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकानं विचारलं होतं, घरामागं परड्यात छोटं वर्कशॉप घालायचंय, प्लॅन काढायला सोपं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, आणि त्याला जे उत्तर छापून आलं ते वाचून मला काय राहवलं नाही म्हणून हे लिहितोय, लांबलं तर कापा. उत्तर असं होतं की ऑटोकॅडचा तीन महिन्यांचा क्लास लावा, मग सगळं जमतंय. अहो, एवढ्याशा शेडला तीन महिने क्लास? तेवढ्यात शेड बांधून वर पत्रा पण चढतोय की ओ. ऑटोकॅड वाईट असं मी म्हणत नाही, १९८२ पासून जगभर चाललंय, आमच्या कंपनीच्या ऑफिसात पोरं त्याच्यावरच ड्रॉइंग काढायची, पण त्याला दरवर्षी पैसे मोजायला लागतात आणि आपल्याला आयुष्यात एकच शेड घालायचीय.

माझ्याबद्दल थोडं. उद्यमबागेत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये तीसेक वर्षं काढली, म्हणजे ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना बनवायचा ते काम. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार झालं की आकसतंय, फुटामागं साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून आमची पट्टीच वेगळी असते, तेवढी मोठी केलेली. त्यामुळं ड्रॉइंग वाचायला मला कुणी शिकवायला नको, पण कॉम्प्युटरवर काढायचं म्हटलं की शून्य, माऊस हातात धरला की हात कापायचा. रिटायर झाल्यावर घरी बसून काय करायचं म्हणून परड्यात एक लाकूडकामाची शेड घालायचं ठरवलं. वडगावात घरामागं काम काही नवीन नाही, आमच्या गल्लीत निम्म्या घरांत मागाची खोली होती, पहाटे उठलं की खटक-खटक आवाज. आता माग गेले, बऱ्याच खोल्या भाड्यानं दिल्यात नाहीतर मोडकळीला आल्यात.

जागा मोजली, बाहेरून बाहेर १२ फूट बाय १८ फूट बसत होतं. आधी आलेखाचा कागद घेतला, एक चौकोन म्हणजे सहा इंच, आणि पेन्सिलनं काढलं. मंडळींना दाखवलं तर ती बघून एवढंच म्हणाली, "ह्यात कपड्याची दोरी कुठं दाखवलाय?" मी हसलो. शेडच्या प्लॅनमध्ये दोरी कोण दाखवतंय.

मेव्हण्याचा पोरगा म्हणाला, मामा कागदावर कशाला, थ्रीडी करूया, आणि लॅपटॉप घेऊन गेला एका रिपेरीच्या दुकानात. तिथल्या पोरानं पाचशे रुपये घेऊन एक मोठं नावाजलेलं सॉफ्टवेअर "फुल व्हर्जन" म्हणून घालून दिलं. फुल कसलं, चोरीचं. सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारा तो क्रॅक चालू व्हायला त्यानं अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता आणि आम्हाला सांगितलं पण नाही. चार दिवसांत लॅपटॉप असा गरगरायला लागला की स्क्रीनवर नुसती वेड्यावाकड्या खिडक्यांची रांग, शेवटी फॉरमॅट मारायला लागला. पोरीच्या लग्नाचे फोटो पेनड्राईव्हवर होते म्हणून वाचले, नाहीतर मला घरात जेवण मिळालं नसतं. आणि तेवढं करून त्या सॉफ्टवेअरात मला एक सरळ भिंत काढता आली नव्हती, वर शंभर बटणं, कुठलं दाबायचं ते कळायचं नाही. फुकट आणि कायदेशीर मिळणारी चांगली सॉफ्टवेअर असताना हे असलं करायची गरजच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेजारची मुलगी इंजिनीअरिंगला आहे, ती एकदा गच्चीवरून बघून म्हणाली, "काय करुलालाय ओ काका, चार दिवस झाले त्या लॅपटॉपकडं बघून शिव्या देताय." सगळं सांगितलं. तिनं सॉफ्टवेअरचं नाव काढलंच नाही. म्हणाली, "काका, तुम्हाला त्यातनं काय कळून घ्यायचंय ते आधी लिहा." कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं. मशीन बसतात का. फळी फिरवायला जागा राहतेय का. ऊन आणि पाऊस कुठनं येणार. आणि पाईप, पत्रा किती आणायचा. ती म्हणाली, पहिल्या तिन्हीला एक सॉफ्टवेअर, शेवटच्याला दुसरं, आणि तुम्हाला ऑटोकॅड कशालाच लागत नाही. मला वाटतंय त्या वाचकाला पण हेच उत्तर पाहिजे होतं.

पहिलं म्हणजे स्वीट होम थ्रीडी. फुकट आहे, ओपन सोर्स, म्हणजे त्याचा आतला कोड सगळ्यांना खुला, लॅपटॉपवर एकदा घातलं की नेट लागत नाही, आणि आमच्याकडं पावसाळ्यात नेट कधी जाईल काय सांगता येतंय? वरच्या बाजूला तुम्ही सपाट प्लॅन काढायचा, खालच्या बाजूला तेच थ्रीडीत उभं राहतंय, काढता काढता. माझ्या आलेखाच्या कागदाचा मोबाईलनं फोटो काढला, तो खाली बॅकग्राउंडला घातला, एक माहिती असलेली लांबी त्याला सांगितली, आणि त्याच्यावरून भिंती गिरवल्या. पहिल्या संध्याकाळी भिंती झाल्या, दुसऱ्या संध्याकाळी दार-खिडक्या. सेटिंगमध्ये जाऊन आधी फूट-इंच करून घ्यायचं. आणि एक सांगतो, तो आपणहून भिंत लई पातळ काढतोय, पार्टिशनसारखी, ती जाडी पहिल्यांदा बदला. मी ९ इंच घातली आणि तिथंच डोक्यात उजेड पडला. कागदावर मी एका रेघेची भिंत काढली होती, म्हणून सगळीकडं १८ फूट १८ फूट म्हणून फिरत होतो. दोन्हीकडं नऊ-नऊ इंच गेले की आत राहतात साडेसोळा. रुंदीला बाराचे साडेदहा. तीस वर्षं सूत-सूत मोजलेला माणूस मी, आणि स्वतःच्या घरात दीड फूट हरवला.

आता खरं सांगायचंय ते. ह्या सॉफ्टवेअरात टेबल, कपाट, पलंग असलं सगळं तयार मिळतंय, ओढून आणून ठेवायचं. करवतीचं मशीन वगैरे त्यात मिळत नाही, पण साधा खोका मिळतो, त्याला लांबी-रुंदी-उंची द्यायची आणि हे माझं मशीन म्हणायचं. मी असे खोके ठेवले, गोल करवतीचं टेबल, बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत, छोटा लेथ, लाकूड घट्ट धरायच्या व्हाईसचा बेंच, ड्रिल, आणि सगळं झकास बसलं, मधोमध चालायला जागा पण राहिली. मी खूश. दुसऱ्या दिवशी शेजारची ती येऊन बघून म्हणाली, काका, फळी कुठाय? कुठली फळी? "जी कापणार ती." बघा, ती पोरगी आयुष्यात एकदा पण रंधा धरलेली नाही. प्लायचा शीट आठ फुटाचा असतो, फळ्या पण मी आठ फुटाच्याच आणतो. करवतीतनं फळी सरकवायची म्हणजे अलीकडं आठ फूट रिकामं पाहिजे आणि पलीकडं आठ फूट, मधे टेबल अडीच फुटाचं. साडेअठरा झाले. आत आहेत साडेसोळा. दोन फूट कमी.

मग आम्ही रिकाम्या जागेचेच खोके काढले. पिवळा रंग दिला. करवतीच्या अलीकडं एक आठ फुटाचा पिवळा खोका, पलीकडं एक, लेथच्या समोर उभं राहायला एक, व्हाईसच्या पुढं एक, दाराचं फळकं उघडतंय तेवढ्या जागेत एक. आणि बघतो तर शेड सगळी पिवळी, एकावर एक चढलेली. एकावर एक चढलं तरी काय बिघडत नाही, एकाच वेळी मी करवत पण चालवणार नाही आणि लेथ पण, पण पिवळ्यात मशीन घुसलं की समजायचं घोळ आहे. माझा बँडसॉ तसा घुसला होता. म्हणून मी म्हणतो, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, वस्तू काढायच्या आधी मोकळी जागा काढता येतेय का बघा, आणि काढाच. कंपनीत सुद्धा मशीन बसवताना हीच चूक होते, मशीनचा ठसा मोजतात, माणूस आणि माल मोजत नाहीत.

दोन फुटाचा उपाय मग आपोआप निघाला. दार मी लांब भिंतीच्या मधोमध काढलं होतं, तिथनं उचललं आणि पूर्वेच्या आखूड भिंतीत करवतीच्या पात्याच्या बरोबर रेषेत आणून ठेवलं. फळी कापत कापत दारातनं बाहेर जाते, अंगणात. पूर्वेलाच का, तर आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडनं मारतोय, तिकडं दार ठेवलं तर जुलैत करवतीला गंज. हे गवंड्यानं पण सांगितलं असतं म्हणा. पण दार सरकवायला मला माऊसचा एक ओढा लागला, गवंड्याला सांगून बांधल्यावर सरकवायचं म्हणजे काय होतंय ते ज्यानं भोगलंय त्यालाच माहिती.

उन्हाचं पण तसंच. फाउंड्रीच्या शेडला उत्तरेकडनं उजेड घेतात, ऊन न येता सारखा उजेड मिळतो, म्हणून मी सगळ्या खिडक्या उत्तरेला ठेवल्या आणि बेंच त्याच्या खाली. स्वीट होम थ्रीडीत एक होकायंत्र आहे, त्याला गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे, मग तारीख आणि वेळ देऊन फोटो काढला की ऊन कुठं पडणार ते दाखवतंय. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तरेला. १५ मे, सकाळी सात असं घातलं तर उत्तरेच्या खिडकीतनं उन्हाचा तिरका पट्टा आत! मला वाटलं सॉफ्टवेअर खुळं झालंय. ती म्हणाली नाही काका, मेच्या सुरवातीपासून ऑगस्टच्या सुरवातीपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेलाच असतोय की. शाळेत कर्कवृत्त-बिर्कवृत्त सगळं पाठ केलेलं, पण आपल्या घराला लावून कधी बघितलं नव्हतं. जूनपासून ढगच असतात, म्हणजे मुख्य प्रश्न मे महिन्याचाच. बेंच दोन फूट सरकवला, झालं.

ह्या सॉफ्टवेअराची कमी बाजू म्हणजे छप्पर. तिरक्या उंचीची भिंत काढता येते पण पत्रा, पाईप, छपराखालची कैची असलं काय नीट जमत नाही. तिथं स्केचअप. हे पूर्वी गुगलकडं होतं, २०१२ पासून ट्रिंबल कंपनीकडं आहे. लॅपटॉपवर घालायचं जे फुकटचं होतं ते २०१७ च्या व्हर्जनला संपलं, आता फुकटातलं ब्राउझरमध्ये चालतंय, नेट लागतंय, खातं काढायला लागतंय, आणि ते फक्त घरगुती वापरासाठी, धंद्यासाठी नाही. पण मला सगळ्यात लवकर हेच जमलं, कारण ह्यात चौकोन काढायचा आणि धरून वर ओढायचा, झाला ठोकळा. लाकडात काम केलेल्या माणसाला ते हाताला लगेच कळतंय.

दोन ठिकाणी मी आपटलो. पहिलं माप. फूट-इंचाचा टेम्प्लेट घेतला आणि १२ टाईप केलं, तर १२ इंच धरलं त्यानं, शेड नव्हे कोंबड्याचा खुराडा झाला. फूट पाहिजे तर आकड्याच्या पुढं फुटाची ती वरची बारीक खूण घालायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे चिकटणं. एक पाईप काढला, त्याला लागून दुसरा काढला, की दोन्ही एकमेकाला चिकटतात, ओल्या रंगातले दोन पार्ट एकावर एक ठेवल्यासारखे, मग एक हलवला की दुसरा वेडावाकडा ओढला जातो. ह्याला उपाय म्हणजे एक वस्तू पुरी झाली की लगेच तिचा ग्रुप करायचा, मगच दुसरी. मला हे तीन दिवसांनी कळलं, तीन दिवस मी नेटला शिव्या देत होतो.

पण त्यातनं जे वाचलं ते सांगतो. चौकोनी पाईप वीस फुटाचा येतो. शेड अठराची, दोन्हीकडं एक-एक फूट वळचण सोडली की बरोबर वीस, म्हणजे आडवा पाईप अख्खा जातोय, ना जोड ना तुकडा. हे तोंडी पण सुचलं असतं. पत्र्याचं नसतं सुचलं. रुंदी १२, दोन्हीकडं एक फूट वळचण, आडवे १४ झाले, म्हणून मी चौदा फुटी पत्रा आणायला निघालो होतो. एका बाजूनं उतार दिलाय, बारा फुटाला दोन फूट. स्केचअपमध्ये तो तिरका मोजला तर १४ फूट सव्वादोन इंच. पत्रा सव्वादोन इंच आखूड! उतार कमी करायचा तर आमचा पाऊस तसला नव्हे, म्हणून मागची वळचण अडीच इंचानं कमी केली आणि चौदा फुटीच पत्रा बसला. पायथागोरस म्हणा हवं तर, वहीवर पण निघतंय, पण वहीवर काढायचं सुचायला आधी शंका यायला पाहिजे ना.

बाकीची पण बघितली. फ्रीकॅड फुकट आणि ओपन सोर्स, वीसेक वर्षं चाललेलं, २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचं १.० निघालं. ह्यात एक आकडा बदलला की सगळं ड्रॉइंग मागोमाग बदलतंय, ते बघून माझ्यातला पॅटर्नमेकर खूश झाला, व्हाईसचा एक जबडा मी त्यात काढला पण. शेडला मात्र हे म्हणजे सुपारी फोडायला घण, शिकायला वेळ जातो. लिबरेकॅड सपाट टू-डी ड्रॉइंगला चांगलं, ज्यांनी पूर्वी ड्रॉइंग बोर्डवर काम केलंय त्यांना आवडेल. फ्यूजनचं घरगुती व्हर्जन फुकट आहे पण त्यात एका वेळी दहाच फाईल चालू ठेवता येतात, आणि मशीनच्या पार्टसाठी ते बरं. टिंकरकॅडवर शेजारचा बारका पोरगा खेळतो, खेळायला झकास. आणि ज्याच्याकडं नुसता मोबाईल आहे त्यानं बोटानं डोळे फोडत बसू नये, आलेखाचा कागद घ्यावा, मशीनची पुठ्ठ्याची चौकोनं कापावीत, फळीची पण पट्टी कापावी, आणि सरकवत बसावं. खोटं नाही सांगत, माझं निम्मं काम तसं पण झालं असतं.

काहीजण म्हणाले एवढ्याशा शेडला ड्रॉइंग कशाला, गवंड्याला हातानं दाखवलं की झालं. त्यांना मी आपल्या बेळगावातल्या किर्लोस्कर रोडची आठवण करून देतो. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, मुंबईला व्हीजेटीआय ह्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायचे, आणि सायकलचं दुकान काढलं ते इथं बेळगावात, १८८८ साल सांगतात. १९१० ला ते किर्लोस्करवाडीला गेले, आपल्याकडं रस्त्याचं नाव राहिलं. एवढा मोठा कारखाना उभा केलेला माणूस मूळचा ड्रॉइंगचा मास्तर होता, एवढंच म्हणतोय.

आणि ड्रॉइंगचा खरा उपयोग मला झाला तो वेल्डर आला त्या दिवशी. तो बैलहोंगलकडचा, मराठी त्याला चार शब्द, माझं कन्नड बाजारापुरतं, "साकु" आणि "बेकु", म्हणजे पुरे आणि पाहिजे. प्रिंट पुढं ठेवली. त्यानं एकच विचारलं, "बागिलु येल्ली?" दार कुठं. मी बोट ठेवलं. बाकी सगळे आकडे, ते त्याला पण वाचता येतात, मला पण. दोन दिवसांत फ्रेम उभी केली त्यानं, एकही पाईप वाया नाही. प्रिंटचं मात्र एक ध्यानात ठेवा, १:२५ ला, म्हणजे पंचवीसपट लहान काढलं तर, अठरा फूट म्हणजे साधारण बावीस सेंटीमीटर, ए-४ वर आरामात बसतंय, पण झेरॉक्सवाला सवयीनं "फिट टू पेज" मारतोय आणि स्केलचे बारा वाजतात. त्याला उभं राहून सांगा, आणि तरीपण सगळी मापं आकड्यात लिहून ठेवा, कुणी पट्टी लावून मोजायला नको.

शेड होऊन आता दोन महिने झाले. परवा पहिल्यांदा पूर्ण आठ फुटाची फळी लावली, ठरल्याप्रमाणं झकास सरकत गेली, दारातनं बाहेर निघाली, चार फूट अंगणात गेली आणि मंडळींच्या धुतलेल्या लुगड्यात घुसली. पिवळा खोका मी उंबऱ्यापर्यंतच काढला होता, बाहेर काढलाच नव्हता. ती काही बोलली नाही, आलेखाचा तो पहिला कागद कुठनं तरी शोधून आणला आणि पेन्सिलीसकट माझ्यापुढं ठेवला. रविवारी दोरीचे खांब सरकवायचे आहेत, प्लॅन ती काढून देणार आहे.

आपला,
एक रिटायर पॅटर्नमेकर,
वडगाव, बेळगाव